छाती हलते आहे, मग माणूस गेला कसा?

वाचकांचे प्रश्न : मेंदूमृत्यू आणि अवयवदान
उत्तरं : अतिदक्षता विभागातले डॉक्टर आणि प्रत्यारोपण समन्वयक

या विषयावरची पत्रं वाचताना एक गोष्ट लगेच जाणवली. अवयवदानाला सरसकट विरोध असलेले वाचक फार थोडे आहेत. बहुतेकांची अडचण त्याच्या अलीकडची आहे. समोरचा माणूस खरंच गेला आहे का, हे कुणी नीट सांगितलेलंच नसतं, आणि सहीचा कागद मात्र पुढे आलेला असतो. म्हणून उत्तरांचा क्रमही तसाच लावला आहे. आधी मृत्यूबद्दल, मग दानाबद्दल. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

मेहुण्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. डॉक्टर म्हणतात ब्रेनडेड आहे. पण मॉनिटरवर ठोके ८८, हात गरम, लघवीची पिशवी भरते आहे. याला गेला कसं म्हणायचं? (महाल)

तुम्ही पाहिलं ते सगळं खरं आहे, आणि तरीही डॉक्टरांचं म्हणणं बरोबर असू शकतं. हृदयाचा ठोका मेंदू देत नाही. तो हृदयातल्याच एका छोट्या गाठीतून येतो. शाळेत बेडूक कापलेल्या पिढीला आठवत असेल, ताटलीत काढून ठेवलेलं हृदयसुद्धा थोडा वेळ धडधडत राहतं. त्याला फक्त ऑक्सिजन लागतो.

श्वासाचं तसं नाही. प्रत्येक श्वासाचा हुकूम मेंदूच्या देठातून सुटतो. हा देठ म्हणजे कवटी आणि मान जुळतात तिथला जेमतेम अंगठ्याएवढा भाग. कवटी ही हाडाची बंद पेटी आहे. आत रक्त साचलं किंवा सूज आली की वाढत्या दाबाला बाहेर पडायला वाटच नसते. तो रक्तदाबाच्याही वर गेला की रक्त मेंदूत चढतच नाही, आणि देठ खालच्या भोकात चेपला जातो. पूर्वी इथे श्वास थांबायचा आणि काही मिनिटांत हृदयही थांबायचं. व्हेंटिलेटर आल्यावर या दोन थांबण्यांमध्ये तास-दिवसांचं अंतर पडलं. १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीनं, १९७६ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय महाविद्यालयांनी आणि १९९४ मध्ये आपल्या कायद्यानं या अंतराला मेंदूमृत्यू हे नाव दिलं, इतकंच.

लघवीचं म्हणाल तर ती भरपूर होणं हे बरेचदा उलटं लक्षण असतं. लघवी आवरणारा हार्मोन मेंदूतूनच येतो. तो बंद झाला की तासाला ३००-४०० मिलिलिटर पाण्यासारखी लघवी होते.

कोमा आणि मेंदूमृत्यू यांची गल्लत करू नका. अरुणा शानबाग १९७३ च्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत केईएम रुग्णालयात होत्या. जाणीव गेली होती, पण देठ शाबूत होता आणि श्वास स्वतःचा होता. तो मेंदूमृत्यू नव्हता. कोमातला माणूस कधी कधी परत येतो. नीट चाचण्या करून ज्याला मेंदूमृत ठरवलं तो परत येत नाही.

घोटाळा भाषेमुळेही होतो. "मेंदू मेला आहे, पण पेशंटला मशीनवर जगवून ठेवलंय," असं वाक्य वॉर्डात सर्रास ऐकू येतं. हे वाक्य ऐकून कुणाचाही गोंधळच होईल. म्हणायला हवं ते असं : ते गेले आहेत, मशीन फक्त छातीत हवा ढकलते आहे.

नेमकी तपासणी काय करतात? त्यात चूक होऊ शकते का? (मानेवाडा)

होऊ शकते. आणि होते ती बहुधा तपासणीत नव्हे, तपासणीच्या आधी.

पहिली अट अशी की मेंदूची इजा कशानं झाली ते माहीत हवं, स्कॅनवर दिसायला हवं आणि ती भरून न येणारी हवी. दुसरी अट, देठ गप्प असल्याचा आभास निर्माण करणारं दुसरं काही नसावं : झोपेची किंवा गुंगीची औषधं, स्नायू सैल करणारी इंजेक्शनं, अंग थंड पडणं (निदान ३५ अंश सेल्सियसच्या वर आणल्याशिवाय तपासणी नको), सोडियम किंवा साखरेचा मोठा बिघाड, खूप खाली गेलेला रक्तदाब. हृदय बंद पडून पुन्हा सुरू झालेलं असेल तर किमान २४ तास थांबणं शहाणपणाचं.

विदर्भात दोन गोष्टी मुद्दाम सांगायला हव्यात. मण्यार चावलेला माणूस हुबेहूब मेंदूमृत दिसू शकतो. बाहुल्या विस्फारलेल्या, हालचाल नाही, श्वास नाही. जमिनीवर झोपलेल्याला रात्री चावा होतो, दाताच्या खुणा सापडत नाहीत, पहाटे पोट दुखतं आणि दुपारपर्यंत व्हेंटिलेटर. असा रुग्ण काही दिवसांत शुद्धीवर येऊन चालत घरी जाऊ शकतो. फवारणीच्या औषधाची विषबाधाही असाच चकवा देऊ शकते. म्हणून सोपी खूण लक्षात ठेवा : स्कॅन साफ आहे आणि तरी कुणी मेंदूमृत म्हणत असेल, तर तिथेच थांबवून कारण विचारा.

अटी पुऱ्या झाल्या की खाटेशेजारची तपासणी. डोळ्यांवर प्रखर उजेड टाकून बाहुल्या आकसतात का पाहतात. बुबुळाला कापसाचं टोक लावून पापणी मिटते का पाहतात. मानेला इजा नसेल तर डोकं झटकन दोन्हीकडे वळवतात. देठ जिवंत असेल तर डोळे उलट दिशेला फिरतात, नसेल तर बाहुलीसारखे समोर रोखलेले राहतात. मग डोकं ३० अंश उचलून एका कानात बर्फाचं ५० मिलिलिटर पाणी सोडतात आणि मिनिटभर डोळ्यांकडे बघतात. पाच मिनिटांनी दुसरा कान. कानात मळ साचलेला असेल किंवा पडदा फाटलेला असेल तर या चाचणीला अर्थ राहत नाही, म्हणून आधी कान तपासावे लागतात. ही पायरी घाईत गाळली जाते. भुवईच्या हाडावर जोरानं दाबून चेहरा आक्रसतो का, घशात नळी घातल्यावर उबळ येते का, श्वासनलिकेत सक्शन घातल्यावर खोकला येतो का, हेही पाहतात.

शेवटची आणि निर्णायक श्वासाची चाचणी, तिला ॲप्निया टेस्ट म्हणतात. दहा मिनिटं शंभर टक्के ऑक्सिजन देतात. रक्त तपासून कार्बन डायऑक्साइडचा दाब ३५ ते ४५ मिलिमीटर पाऱ्याच्या दरम्यान आणतात. मग व्हेंटिलेटर काढतात, नळीतून मिनिटाला साधारण ६ लिटर ऑक्सिजन चालू ठेवतात आणि उघड्या छाती-पोटाकडे आठ ते दहा मिनिटं टक लावून बघतात. कार्बन डायऑक्साइड मिनिटाला साधारण ३ नं चढतो. जिवंत देठाला ही असह्य तहान आहे, तो श्वास घेतोच. रक्तातला आकडा ६० च्या वर (किंवा सुरुवातीपेक्षा २० नं वर) गेला आणि एकदाही छाती हलली नाही, तर श्वासाचं केंद्र गेलं.

इथे काय बिघडतं? ऑक्सिजन आधी नीट दिला नसेल तर दोन-तीन मिनिटांत रक्तदाब कोसळतो. मग चाचणी तिथेच सोडून व्हेंटिलेटर परत लावायचा असतो. अर्ध्यावर सोडलेल्या चाचणीला 'झाली' म्हणता येत नाही. जुनाट दम्यानं किंवा धूम्रपानानं ज्यांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड कायमच जास्त असतो, त्यांच्यासाठी ६० हा आकडा पुरेसा नाही. आणि आकड्याशिवाय 'श्वास आला नाही' ही नोंद अपुरी आहे.

एक सूचना. चाचणीत हात अचानक वर उचलला जाऊ शकतो, पायाची बोटं हलू शकतात. ते मणक्यातल्या मज्जारज्जूचं काम, मेंदूचं नव्हे. नातलगांना हे आधी सांगितलं नाही तर पुढची सगळी बोलणी तिथेच संपतात, आणि त्यात नातलगांचा काही दोष नाही.

सहा तासांनी परत तपासणी का? आणि अवयव हवेत म्हणून डॉक्टर घाई करत नसतील कशावरून? (काटोल)

कायद्यानं तपासणीचे दोन पूर्ण संच लागतात, मध्ये किमान सहा तास. लहान मुलांमध्ये हे अंतर आणखी वाढवतात. सहा तासांत रुग्ण सुधारेल अशी अपेक्षा नसते. पहिल्या वेळी पाहणाऱ्याची चूक झाली असेल तर ती सापडावी, हा हेतू. दोन्ही वेळा चार डॉक्टर सही करतात : रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, शासनमान्य यादीतला एक तज्ज्ञ, त्याच यादीतला न्यूरोलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन (तो नसेल तर सर्जन किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षता तज्ज्ञ), आणि उपचार करणारा डॉक्टर. कागदाचं नाव नमुना १०. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला कुणीही या चौघांत चालत नाही.

तुमची शंका मात्र निराधार नाही. ज्या रुग्णालयाला प्रत्यारोपणाचा परवाना आहे, त्याला आपल्याकडच्या दात्याच्या काही अवयवांवर पहिला हक्क मिळतो. डॉक्टर वेगळे असले तरी इमारत एकच असते. शंका विचारणाऱ्याला 'अडाणी' समजणारी माणसं हा हितसंबंध सोयीनं विसरतात. त्यावर इलाज एकच, सगळं उघड्यावर करणं. तुम्ही विचारू शकता : गुंगीचं शेवटचं औषध कधी दिलं? तपासणीच्या वेळी अंगाचं तापमान किती होतं? सोडियम किती? कार्बन डायऑक्साइड सुरुवातीला किती आणि शेवटी किती? दुसरा संच किती वाजता? ही सगळी उत्तरं केसपेपरवर असायलाच हवीत. दुसऱ्या ॲप्निया टेस्टच्या वेळी घरच्या एकानं खाटेशेजारी उभं राहावं, असं आम्ही सुचवतो. आठ मिनिटं न हललेली छाती स्वतः पाहिली की तासभराच्या समजावणीनं जे होत नाही ते होतं. ज्याला बघवणार नाही त्याला मात्र आग्रह नको.

बरेच जण विचारतात, मृत्यूची वेळ कोणती? दुसरा संच पूर्ण होण्याची. तेरवी-श्राद्धाची तिथी धरायची तर हीच वेळ धरा, ऑपरेशन थिएटरमधली नव्हे. विम्याच्या कागदावरही तीच येईल.

आईनं अवयवदानाला नाही म्हटलं. आता रुग्णालय म्हणतं, मग व्हेंटिलेटर काढता येत नाही. बिल रोज वाढतंय. दान केलं तर मृत, नाही केलं तर जिवंत, हा काय प्रकार? (सक्करदरा)

आलेल्या पत्रांत सर्वांत रास्त प्रश्न हाच आहे, आणि चूक तुमची नाही, कायद्याची आहे. अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात 'मृत व्यक्ती'च्या व्याख्येत मेंदूच्या देठाचा मृत्यू येतो. पण जन्म-मृत्यू नोंदणीच्या १९६९ च्या कायद्यात मृत्यू म्हणजे 'जीवनाची सर्व चिन्हं कायमची नाहीशी होणं' एवढंच लिहिलं आहे. त्यामुळे दान नसेल तर व्हेंटिलेटर काढायला अनेक रुग्णालयं कचरतात. केरळनं २०२० मध्ये मेंदूमृत्यूची घोषणा दानापासून वेगळी करणारी कार्यपद्धती काढली. एकाच माणसाचा मृत्यू सहीवर अवलंबून असणं आमच्या मते नैतिकदृष्ट्या टिकणारं नाही. शिवाय त्यानंच लोकांचा संशय बळावतो.

आज हाती काय आहे? उपचार थांबवण्याबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निकाल आणि २०२३ मध्ये सोपी केलेली त्याची पद्धत. उपचार करणारा डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ यांचं पहिलं मंडळ, त्यानंतर जिल्हा वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेल्या डॉक्टरसह दुसरं मंडळ. दोन्ही मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं, नातलगांची संमती घ्यायची आणि दंडाधिकाऱ्यांना कळवायचं. त्यानुसार उपचार थांबवता येतात. 'निकालाप्रमाणे मंडळ बसवा' असा लेखी अर्ज द्या. तोंडी बोलणं हवेत जातं. शिवाय उपचार आणखी न वाढवण्याचा, म्हणजे नवी औषधं, डायलिसिस, छाती दाबणं नको असल्याचा निर्णय नोंदवून घेता येतो. मेंदूमृत शरीरातलं हृदय बहुधा काही दिवसांत थांबतंच.

"सही दिलीत तर मशीन काढू" असं कुणी म्हटलं तर तो दबाव आहे. तसं बोलणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

नवऱ्यानं दात्याचं कार्ड भरलं होतं. माझी तयारी आहे, पण दीर अडून बसलेत. कुणाचं चालतं? (इंदोरा)

ताई, कार्ड (नमुना ७) दोन साक्षीदारांसमोर भरलेलं असेल आणि त्यांनी नंतर मन बदलल्याचं कुणाला माहीत नसेल, तर कायदा त्यांच्या इच्छेच्या बाजूनं आहे. कार्ड नसेल तेव्हा गोष्ट वेगळी. मृतदेहाचा कायदेशीर ताबा असलेली व्यक्ती संमती देऊ शकते, पण जवळच्या नातेवाइकाची हरकत माहीत असेल तर नाही. नात्यांच्या त्या यादीत भाऊ येतो.

प्रत्यक्षात मात्र घरात भांडण असेल तर कार्ड असूनही कोणतंही रुग्णालय पुढे जात नाही, आणि आम्हीही जाऊ नये असंच म्हणू. दीर नेमकं कशाला अडलेत ते शोधा. बहुतेक वेळा 'दादा अजून आहे' असं त्यांना वाटत असतं. तो वाद दानाचा नाहीच, तो वर सांगितलेल्या छातीचा आहे. दुसऱ्या चाचणीला त्यांनाच आत पाठवा. संमती (नमुना ८) सगळ्या अवयवांची द्यायची सक्ती नाही. किडनी, यकृत हो आणि डोळे नको, असं लिहिता येतं. ऑपरेशन सुरू होईपर्यंत सही मागेही घेता येते.

दाता अठरा वर्षांखालचा असेल तर आई किंवा वडील यांपैकी एकाची संमती कायद्याला पुरते. तिथे नमुना ९ लागतो.

वर्धा रोडवर अपघात, पोलीस केस. शरीर हातात यायला किती वेळ? खर्च कुणाचा? (कामठी)

पहिल्या संचापासून शरीर हाती येईपर्यंत सहसा एक दिवस धरून चाला. दोन संचांमधले सहा तास, पोलिसांचं ना-हरकत पत्र, रक्तगट आणि संसर्गाच्या तपासण्या, नागपूरच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रातून यादी निघणं, बाहेरून चमू येणं. ऑपरेशन स्वतः काही तासांचं. शवविच्छेदन अवयव काढतानाच न्यायवैद्यक डॉक्टरांच्या उपस्थितीत उरकता येतं. नोव्हेंबर २०२१ पासून ते सूर्यास्तानंतरही होऊ शकतं. खून, आत्महत्या, संशयास्पद मृत्यू अशा प्रकरणांत मात्र रात्रीची सवलत नाही. पोलीस ठाण्याला उशिरा कळवणं हे रखडण्याचं नेहमीचं कारण, म्हणून पहिला संच झाला की लगेच समन्वयकाला त्याबद्दल विचारा.

घाई अवयवांच्या घड्याळाची असते. हृदय आणि फुप्फुस काढल्यापासून चार ते सहा तास, यकृत बारापर्यंत, किडनी चोवीस आणि थोडी पुढे. सोनेगाव विमानतळापर्यंत रस्ता मोकळा करतात तो हृदय-फुप्फुसांसाठी. किडनीला तेवढी धावपळ लागत नाही.

संमतीच्या सहीनंतर दात्याची देखभाल, अवयव काढणं, वाहतूक यांचा खर्च कुटुंबावर टाकता येत नाही. सहीच्या तारखेला आणि वेळेला बिल तोडून मागा. त्याआधीच्या उपचारांचं बिल कुटुंबाचंच. 'दान केलं तर आधीचं बिल माफ' हा सौदा कुणी देऊ केला तर नाही म्हणा. अवयवाच्या बदल्यात पैशाचा व्यवहार हा गुन्हा आहे.

अवयव काढताना भूल देतात म्हणे. मेलेल्याला भूल कशाला? दुखत असेल का? (धरमपेठ)

दुखणं जाणवायला जो मेंदू लागतो तो उरलेला नाही. पण चिरा दिला की मज्जारज्जू परस्पर प्रतिसाद देतो. पोटाचे स्नायू आवळतात, रक्तदाब उसळतो. म्हणून स्नायू सैल करणारं औषध देतात, आणि रक्तदाब आवरायला कधी कधी भुलेचा वायूही. हे डॉक्टर सहसा सांगत नाहीत, मग बाहेरून कळलं की धक्का बसतो. आधीच सांगावं.

तोवर भूलतज्ज्ञ शंभरचे आकडे सांभाळत असतात : वरचा रक्तदाब १०० च्या वर, लघवी तासाला १०० मिलिलिटर, रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब १०० मिलिमीटर पाऱ्याच्या वर. मग रक्त गोठू नये म्हणून हेपारिन, महाधमनीला चिमटा, चार अंशांचं थंड द्रावण आत सोडतात, पोटात बर्फाचा चुरा भरतात. त्याच क्षणी व्हेंटिलेटर बंद होतो. पोट-छाती नेहमीच्या ऑपरेशनसारखी शिवतात, चेहऱ्याला काही होत नाही, अंत्यदर्शनाला अडचण नाही.

घरच्यांना खरं जड जातं ते थिएटरच्या दाराशी. हात गरम असतानाच निरोप घ्यावा लागतो आणि परत येतं ते गार शरीर. आईच्या हातून पाणी पाजायचं असेल, तुळशीपत्र ठेवायचं असेल, बुद्धवंदना किंवा फातिहा म्हणायचा असेल, तर त्यासाठी अर्धा तास मागून घ्या. तेवढा वेळ असतो.

अवयव कुणाला मिळाले ते कळेल का? (त्रिमूर्तीनगर)

वय, शहर एवढं कळेल. नाव नाही. ही गुप्तता दोन्ही बाजूंच्या भल्यासाठी आहे. वर्तमानपत्रांत दात्याचं नाव-फोटो छापायचा की नाही हे कुटुंबानं ठरवावं. रुग्णालयाच्या प्रसिद्धी खात्यानं ते परस्पर करू नये. अवयव कुणाला द्यायचे ते प्रतीक्षा यादी, रक्तगट आणि आजाराची निकड यांवर ठरतं.

वडील ७८ वर्षांचे, घरीच गेले तर काही देता येईल? (नंदनवन)

डोळे देता येतात, सहा तासांच्या आत. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं तरी चालतं. नेत्रपेढीला फोन करा, पापण्या मिटवा, त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली दोन उशा द्या आणि पंखा बंद करा. पंखा चालू राहिला तर बुबुळ सुकतं. कूलरची हवाही तोंडावर नको, एसी चालेल. मृत्यूचा दाखला देणारा डॉक्टर लवकर बोलावून ठेवा, कारण त्याच्या कागदाशिवाय नेत्रपेढीची माणसं काही करू शकत नाहीत. राष्ट्रीय अवयव प्रत्यारोपण संस्थेचा मोफत क्रमांक १८०० ११ ४७७० आहे.